चार घरं, चार वाय-फाय

गेल्या रमजानच्या आधी एका रविवारी आम्ही भावंडं हिशेबाला बसलो होतो. आम्ही दोघं भाऊ धंतोलीच्या भाड्याच्या घरात आणि बहीण पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. अम्मींच्या आजारपणाचा खर्च आम्ही तिघांत वाटून घेतो. डायलिसिस, औषधं, भाडं, वीज असं लिहिता लिहिता एका ओळीपाशी आम्ही अडलो. इंटरनेटची बिलं चार निघाली. मोमिनपुऱ्यातलं जुनं घर, जाफरनगरचा फ्लॅट, कोंढव्याला बहिणीचं घर आणि धंतोलीचं हे.

धंतोलीत घर घेतलं ते हौसेनं नाही. नागपुरात ज्यांच्या घरी कुणी आजारी पडलं, त्यांना धंतोली सांगावी लागत नाही. गल्लोगल्ली दवाखाने, औषधांची दुकानं आणि गाडी लावायला जागा नाही. अम्मींना आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-चार तास डायलिसिसला बसावं लागतं. मोमिनपुरा इथून तीन-चार किलोमीटरच, पण डायलिसिसनंतर अंगात त्राण नसलेल्या माणसाला त्या गर्दीतून नेणं जिवावर येई. म्हणून दवाखान्याजवळ दोन खोल्या घेतल्या.

मोबाईलचं सिम खिशात घालून कुठंही नेता येतं. घरच्या ब्रॉडबँडचं तसं नसतं. त्याची केबल खांबावरून येते, भिंतीतून आत शिरते आणि त्या पत्त्याची होऊन राहते. त्यामुळे घर वाढलं की कनेक्शन वाढतं, आणि प्रत्येक बिलावर 18 टक्के जीएसटी वेगळा.

बहीण घरून नोकरी करते, तिचं कनेक्शन तोडता येत नव्हतं. जाफरनगरला मुलांचा अभ्यास त्यावरच चालतो. धंतोलीत डॉक्टरांना रिपोर्ट पाठवायचे असतात, शिवाय अम्मी पडल्या पडल्या मक्केच्या हरममधलं थेट प्रक्षेपण बघतात. राहिलं मोमिनपुरा. तिथं पाच महिन्यांपासून कुलूप होतं. आत राऊटरचा दिवा लुकलुकत होता आणि दर महिन्याला खात्यातून पैसे आपोआप कापले जात होते. कुणाचं लक्षही नव्हतं.

आम्हाला लाज वाटली. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आम्हाला लहानपणी अम्मींनीच दिली होती. इसराफ म्हणतात तो हाच की! तेव्हा मोमिनपुऱ्याचं कनेक्शन उद्याच बंद करायचं, असं ठरलं.

आतल्या खोलीतून अम्मींचा आवाज आला, "ते काढू नका."

त्यांना नीट समजलं नसेल असं वाटून आम्ही आत जाऊन सगळं परत सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "कळलं रे मला. आज वाय-फाय काढाल, उद्या गॅसचा सिलिंडर परत कराल, परवा किल्ली कुणाच्या हातात द्याल. मग मी जायचं कुठं? काढायचंच असेल तर इथलं काढा. इथं आपण पाहुणे आहोत."

फोनवर बहीणही गप्प झाली. पाच महिन्यांत आम्ही अम्मींना रोज विचारलं होतं, जेवलात का, गोळी घेतली का. घरी जावंसं वाटतं का, हे कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही हिशेबात मोमिनपुऱ्याचं घर रिकामं धरलं होतं. त्यांच्या मनात ते भरलेलंच होतं.

अम्मींचा हिशेब आमच्यापेक्षा चोख निघाला. धंतोलीत आमच्यापैकी कुणी तरी जवळ असतंच, त्याच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तिथली गरज भागते. तिथलं कनेक्शन आम्ही बंद केलं. आता रविवारी डायलिसिस नसतं तेव्हा, तब्येत बरी असली की, अम्मींना मोमिनपुऱ्याला नेतो. जाफरनगरहून मुलं येतात, शेजारच्या खाला डोकावतात, कोंढव्याहून बहीण पडद्यावर असते. बिल तेवढंच येतं, पण आता ते बंद घराचं नाही.

या निमित्तानं काही गोष्टी शिकलो. कोणतं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, कोणत्या मोबाईलला जोडलं आहे आणि पैसे कोणत्या खात्यातून कापले जातात, हे एका वहीत लिहून ठेवावं. घर काही महिने बंद राहणार असेल तर सेवा तात्पुरती थांबवता येते का, ते कंपनीला विचारावं. कनेक्शन तोडताना राऊटर परत केल्याची पावती घ्यावी आणि खात्यातली आपोआप कपात थांबली की नाही ते बघावं. पासवर्ड ही अमानत समजावी. ओळख नसलेल्याला देऊ नये आणि शेजाऱ्याचं वाय-फाय त्याच्या परवानगीशिवाय वापरू नये.

कुठला खर्च इसराफ आणि कुठला नाही, हे मात्र नुसत्या बिलावरून कळत नाही. त्यासाठी घरातल्या मोठ्यांजवळ बसून विचारावं लागतं. अम्मी मोमिनपुऱ्याला कायमच्या परततील की नाही, हे अल्लाहच जाणतो. तोवर तो राऊटर सुरू राहील, इन्शाअल्लाह.