आजीच्या चंचीतले अठरा रुपये

मागच्या महिन्यात साखरखेर्ड्याच्या घरातली जुनी पेटी उघडली. तिच्यात आजीची चंची निघाली. आत चार घड्या घातलेल्या अकरा नोटा होत्या: एक रुपयाच्या सात, दोनच्या तीन आणि ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचाची एक. एकूण अठरा रुपये. आजीने आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या चुलतभावाने लगेच मोबाइल पुढे केला. "ताई, अशा नोटांना लाखो मिळतात!" माझ्याआधीच त्याने फोटो पाठवले होते, 'नोंदणी शुल्क' म्हणून बाराशे रुपयेही भरले होते. मग समोरून जीएसटीचे पैसे मागितले गेले आणि नंतर फोन बंद. ते बाराशे त्याच्या पुस्तकांचे होते.

बंधूंनो, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केलं आहे की जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा संग्राहक नसतो, ठग असतो.

मग किंमत ठरते कशी? जुनी आहे म्हणून नाही, तर ती किती दुर्मीळ, मागणी किती आणि अवस्था कशी यावरून. एक रुपयाची नोट भारत सरकारची, तिच्यावर वित्त सचिवाची सही, बाकीच्यांवर गव्हर्नरची. डॉ. मनमोहन सिंग यांची सही दोन्हींवर सापडते. पण सही मोठ्या माणसाची म्हणून भाव येत नाही. अशा नोटा भरपूर छापल्या गेल्या. नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका. त्याने आहे तो भावही जातो. आणि २०१६ ला बाद झालेल्या पाचशे-हजाराच्या दहापेक्षा जास्त नोटा बाळगणं २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे. अभ्यास किंवा संग्रहासाठी मर्यादा पंचवीसची.

जालन्याच्या एका जाणकाराला नोटा दाखवल्या. तो म्हणाला, "ताई, घड्या पडल्यात, काताचे डाग आहेत. कोऱ्या असत्या तर गोष्ट वेगळी."

ते वाक्य डोक्यातून जाईना. कोऱ्या नोटा कोणाच्या घरात राहिल्या? ज्याला त्या मोडायची घाई नव्हती त्याच्या. आमच्या नोटा हातोहात फिरल्या, मीठ-मिरची आणून दमल्या. बाजार न राबलेल्या नोटेला मान देतो, राबलेल्या नोटेला नाही. माणसांचंही इथे तेच झालं.

बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये रुपयाची किंमत त्याच्या क्रयशक्तीवरून तपासली. महागाई वाढते तेव्हा मजुरी मागे राहते आणि भार कष्टकऱ्यावर पडतो, हे त्यांनी ओळखलं होतं. आजीच्या नोटेचं मोल मलाही तसंच काढायचं आहे: या पाच रुपयांसाठी ती किती दिवस वाकली?

मी नोटा विकल्या नाहीत. पाकिटावर आजीचं नाव आणि काम लिहून ठेवलं. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा, त्यांना मजुरी किती मिळायची, आणि लिहून घ्या. आपला इतिहास दुसरं कोणी जपून ठेवणार नाही.

जय भीम!