ब्रेक ऑइल: कोरडा आकडा, ओला आकडा

ब्रेक ऑइल घेताना बरेच जण बाटलीवरचा सगळ्यात मोठा आकडा बघतात. मोबाईल घेताना मेगापिक्सेल बघतात ना, तसंच! तो आकडा असतो 'ड्राय बॉइलिंग पॉइंट'चा, म्हणजे सील नुकतंच फोडलेलं ऑइल किती तापमानाला उकळेल त्याचा. गंमत अशी की गाडीत ओतल्यावर ते फार काळ 'ड्राय' राहतच नाही.

मुळात ते तेल नव्हेच. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल जातीची रसायनं. ती हवेतलं बाष्प ओढून घेतात, अगदी रबरी होजमधूनसुद्धा. म्हणून दुसरा आकडा असतो 'वेट', साधारण ३.७ टक्के पाणी मुरल्यानंतरचा. डॉट ३ ला हे दोन आकडे किमान २०५ आणि १४० अंश सेल्सिअस लागतात, डॉट ४ ला २३० आणि १५५, डॉट ५.१ ला २६० आणि १८०.

आणि डॉट ५? सॉफ्टवेअरवाल्यांनो, इथे व्हर्जन नंबरवर जाऊ नका! डॉट ५ हे सिलिकॉनचं, बाकीच्यांत मिसळायचं नाही. ५.१ हे ४ च्याच घराण्यातलं.

ऑइल उकळलं तर काय होतं? द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो आणि पेडल थेट खाली! (पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, असं असेल तर दोष बहुधा तापलेल्या पॅडचा. तिथे महागडं ऑइल काही करणार नाही.)

आता थोडं गणित. १२०० किलोची गाडी ताशी १४० वरून ६० वर आणली की सुमारे ७४० किलोज्यूल ऊर्जा सोडते. तेवढ्यात सव्वादोन लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येईल. यातली बरीचशी उष्णता डिस्क आणि पॅडमध्ये जाते. ट्रॅकवर हे प्रत्येक लॅपला होतं, आणि ब्रेकला निवायला वेळच मिळत नाही.

मग ३०० अंशांच्या वरचं रेसिंग ऑइल घालून मोकळं व्हावं का? रेस टीम ते सारखं बदलतात, त्यामुळे त्यांना ओल्या आकड्याची फारशी फिकीर नसते. माझी गाडी वर्षातून दोनदा कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जाते, बाकी वर्षभर पुण्यात असते. बाबा ऐन पावसाळ्यात तीच घेऊन ताम्हिणीतून कोकणात उतरतात. शेजारी आई, मागे आजी. ट्रॅकवर पेडल खाली गेलं तर बाहेर थोडी मोकळी जागा तरी असते. घाटात काय असतं, ते सांगायला नको.

म्हणून माझा हिशोब ओल्या आकड्यावर चालतो. कॅस्ट्रॉल एसआरएफचा ओला आकडा २७० आहे, पण किंमत बघून आपल्यालाच घाम फुटतो! मी चांगलं डॉट ५.१ घेतो आणि दरवर्षी पावसाळा संपला की सगळं बदलतो. नेहमीच्या गाडीला साधारण दोन वर्षं सांगतात, ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला तेवढी सूट नाही. ट्रॅकला जायच्या आधी आणि आल्यावर चारही चाकांची हवा काढून घेतो. फोडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवत नाही, अर्धी उरली तरी.

अजून एक फुकटची गोष्ट. सेशन संपल्यावर एक लॅप सावकाश मारा. गरम गाडी तशीच उभी केली, तर डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये शिरते आणि ऑइल उभ्या गाडीतच उकळू शकतं.

इतकं करून वर्षाचा खर्च टायरच्या एका जोडीपेक्षा कितीतरी कमी येतो. लॅप टाइम याने एका सेकंदानेही सुधारत नाही. पण "किल्ली दे रे" म्हणत बाबा हात पुढे करतात तेव्हा मी निर्धास्तपणे देतो. मला एवढं पुरे.