गाडी घरातल्या सर्वांची

कल्याण-डोंबिवलीत मला नावाने ओळखणारे थोडे, गाडीच्या आवाजाने ओळखणारे जास्त. गल्लीच्या तोंडाशी माझी आरएक्स-१०० वळली की पोरे ओरडायची, "काका आले, आता मीटिंग सुरू!" २००३ पासून एकवीस वर्षे ती गाडी माझ्याजवळ होती. २०२४ साली मी ती विकली आणि विजेवर चालणारी, गिअर नसलेली स्कूटर घेतली. मित्र म्हणाले, "काय राव, एवढ्यात म्हातारे झालात?" मी हसण्यावारी नेले. खरे कारण सांगायला जीभ रेटत नव्हती, कारण त्यात माझीच चूक होती. ती आज आपल्या माणसांपुढे सांगतो.

मोटारसायकलचे वेड मला वडिलांकडून आले. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. दादा रेल्वेत लागले आणि कल्याणला आले. १९८८ साली त्यांनी पतपेढीचे कर्ज काढून जुनी राजदूत घेतली. त्या काळी नवी चेतक स्कूटर म्हणजे मोठे अप्रूप. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. आमच्या ऐपतीत जुनी राजदूतच बसत होती. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळावे लागे, ते काम माझ्याकडे. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

त्याच वर्षी दादांनी ती गाडी कल्याणहून थेट गावापर्यंत नेली. आम्ही मायलेकरे एसटीने आधीच पोहोचलो होतो. दादांनी आजोबांना मागे बसवले आणि वेशीतून, चावडीवरून, गाडीवरून न उतरता वस्तीत आणले. ज्या रस्त्याने आजोबांनी जन्मभर चपला हातात घेऊन ये-जा केली, तोच हा रस्ता. आजोबा गाडीवरून उतरले आणि बराच वेळ सीटवर हात ठेवून उभे राहिले. बोलले काहीच नाहीत.

पुढे मी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचले आणि आजोबांचे ते गप्प राहणे मला उमगले. १९०१ साली बालवयातले बाबासाहेब भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, तर जात कळल्यावर कोणी बैलगाडी देईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही या अटीवर की गाडी तुम्हीच हाका, मी बाजूने चालेन. पुढे १९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर होऊन, सरकारी समितीचे सभासद म्हणून चाळीसगावला गेले, तरी टांगेवाल्याने त्यांचा टांगा हाकायला नकार दिला. आपल्याच एका माणसाने लगाम धरला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. म्हणून आपल्या लोकांना गाडीचे वेड आहे असे कोणी हसून म्हटले की मला हसू येत नाही. आपली गाडी आपल्या हाताने चालवणे ही आपल्याकडे साधी गोष्ट कधीच नव्हती.

बी.कॉम. झालो, क्लार्कची नोकरी लागली आणि २००३ साली मी जुनी आरएक्स-१०० घेतली. ही गाडी भारतात १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. इंजिन अवघे ९८ सीसीचे, पण टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा एकदा ठिणगी पडते, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला पडते. म्हणून तिची झेप वेगळी आणि आवाजही वेगळा. पण पेट्रोलबरोबर ऑइलही जळते, मागे निळसर धूर सुटतो. १९९६ आणि २००० साली धुराचे नियम कडक झाले, तसतशा या गाड्या बाजारातून गेल्या. माझी मात्र मी जपली. उल्हासनगरला जाऊन सुटे भाग शोधायचे, दर रविवारी प्लग साफ करायचा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर याच गाडीवरून मी वस्त्यांमध्ये औषधे पोहोचवली. परीक्षेच्या दिवशी चुकामूक झालेल्या पोरांना केंद्रावर सोडले. २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर गेलो, १ जानेवारीला भीमा कोरेगावला गेलो.

आता चूक सांगतो. २००७ साली माझे लग्न झाले. सौ. अंगणवाडीत काम करते, बचत गट चालवते. तिने पहिल्या वर्षीच म्हटले, "अहो, मला शिकवा ना गाडी." मी म्हणालो, "गिअरची गाडी आहे, किक भारी आहे, साडीत जमायचे नाही." पुढे तिने दोनदा विचारले, मी दोनदा तेच उत्तर दिले. मग तिने विचारणे सोडले. खरे सांगायचे तर किकचे आणि साडीचे निमित्त होते. माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात लागू नये, एवढेच माझ्या मनात होते. आणि हा गृहस्थ ८ मार्चच्या सभेत स्त्री-पुरुष समतेवर पाऊण तास बोलायचा!

जुलै २०२३ मधली गोष्ट. माझ्या कमरेच्या मणक्याची गादी सरकली होती, डॉक्टरांनी अंथरुणावरून हलायचे नाही असे बजावले होते. रात्री दीडच्या सुमारास दादांना श्वास लागला. बाहेर धो धो पाऊस. फोनवर रिक्षा मिळेना. सौ. छत्री घेऊन नाक्यापर्यंत धावत गेली, तिथे रिक्षा नव्हती, मग स्टेशनच्या रस्त्यापर्यंत गेली. रिक्षा घेऊन आली तेव्हा पस्तीस मिनिटे झाली होती. मी पडल्या पडल्या घड्याळ पाहत होतो आणि दादांचा श्वास ऐकत होतो. दादा वाचले, आज ते व्यवस्थित आहेत. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून परत आल्यावर सौ. एवढेच म्हणाली, "अहो, खाली गाडी उभी होती."

यावर मला उत्तर देता आले नाही. तिला गाडी येत असती तर स्टेशनचा रस्ता तीन मिनिटांचा होता. घरात गाडी होती, पण ती घराची नव्हती, एकट्याची होती.

कंबर बरी झाली तरी डॉक्टरांनी किक मारायला मनाई केली. मग घरात सर्वांनी बसून विचार केला. मी वाणिज्य शाखेचा माणूस, वहीत हिशेब मांडला. माझे रोजचे डोंबिवली-ठाणे येणे-जाणे आणि इतर कामे मिळून महिन्याला सुमारे १,००० किलोमीटर. ठाण्यात पेट्रोलने मे २०२१ मध्ये लिटरला शंभरी ओलांडली. माझी जुनी गाडी लिटरला ३५ किलोमीटर द्यायची, म्हणजे महिन्याला जवळपास ३,००० रुपये पेट्रोलचे. विजेची स्कूटर साडेतीन युनिटमध्ये सुमारे ९० किलोमीटर जाते. युनिटला १० रुपये धरले तरी महिन्याचे ४०० रुपयांच्या आत भागते. पण हिशेबाची दुसरी बाजूही लिहून ठेवली: गाडीची किंमत लाखाच्या वर, कर्जाचा हप्ता, आणि हमीची मुदत संपल्यावर बॅटरी बदलावी लागली तर तो मोठा खर्च. जो रोज दहा-बारा किलोमीटरच फिरतो, त्याने घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९७२ साली आलेली चेतक पुढे बंद झाली होती. २०२० च्या जानेवारीत ती त्याच नावाने, विजेवर चालणारी होऊन परत आली. दादांनी त्या नावावर बोट ठेवले. जी गाडी त्यांना तरुणपणी घेता आली नाही, ती सुनेच्या नावावर घेतली. होय, नोंदणी सौ.च्या नावावर आहे.

चार्जिंगचे सोपे नव्हते. सोसायटीत काहींना वाटले, सामायिक विजेवर हे गाडी चालवणार. दोन सभा झाल्या, अर्ज दिला, स्वतंत्र मीटर बसवून देतो म्हटले, तेव्हा तीन महिन्यांनी परवानगी मिळाली. आता त्याच मीटरच्या शेजारी आणखी दोन मीटर बसले आहेत.

आरएक्स एका तरुणाने नेली. त्याने ती सुरू केली आणि तो आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आला. मग ऐकू येईनासा झाला. मी वर आलो आणि जेवलो नाही, हे कबूल करतो.

सौ. एमआयडीसी निवासी भागातल्या रस्त्यांवर रविवारी सकाळी शिकली. शिकवताना मी दोनदा ओरडलो, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही उतरा, मी एकटी शिकते." आणि शिकली. शिकाऊ परवाना, मग पक्का परवाना, सगळे रीतसर काढले. मुलगी अजून अठराची नाही. ५० सीसीपर्यंतची गाडी सोळाव्या वर्षी चालवता येते, पण ही गाडी त्यात बसत नाही. म्हणून ती कितीही रुसली तरी अठरा पूर्ण झाल्याशिवाय हँडल मिळणार नाही. आणि हेल्मेट मागे बसणाऱ्यानेही घालायचे, हा घरचा नियम.

नव्या गाडीत उणिवा आहेत. दोघे बसून चढाला लागलो की बॅटरी भराभर उतरते. गाडीला आवाज नाही, त्यामुळे गल्लीतली पोरे बाजूला होत नाहीत. २०२४ साली मोठागाव-माणकोली पूल सुरू झाल्यापासून ठाणे जवळ आले, तिथवर निर्धास्त जातो. पण महाडला तिच्यावर जायची छाती होत नाही, एसटीने जातो.

गेल्या बुद्ध पौर्णिमेला सौ.ने दादांना मागे बसवून विहारात नेले. दादा बसताना म्हणाले, "सूनबाई, गिअर टाकलास का?" ती म्हणाली, "दादा, हिला गिअरच नाही." "मग नीट चालव," असे म्हणून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी मागून चालत गेलो.

बंधूंनो, तुमच्या दारात कोणती का गाडी असेना, तिची चावी खिशात ठेवू नका. आमच्या दाराजवळ आता एक खिळा ठोकला आहे. चावी तिथे असते.

जय भीम.