बरा झाला, हे कुणी पाहिलं?

नोव्हेंबर २०२०मध्ये आयुर्वेदातल्या शल्य (शस्त्रक्रिया) आणि शालाक्य (डोळे-कान-नाक-घसा) विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ शस्त्रक्रिया शिकवण्याची अधिसूचना भारतात निघाली, तेव्हा मी दुबईत बसून तावातावाने भांडलो होतो. ११ डिसेंबरला आयएमएने, म्हणजे अॅलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेने, देशभर संप पुकारला. त्या दिवशी आमच्या एमबीबीएसच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. ‘मिक्सोपथी’, म्हणजे पॅथींची भेसळ, हा शब्द मीही मिशीला पीळ देत वापरला. माझं म्हणणं सरळ होतं: आमच्याकडे पुरावा आहे, त्यांच्याकडे पोथी आहे.

आज मी असं म्हणत नाही. म्हणून मी आयुर्वेदाकडे झुकलो असा अर्थ कुणी काढला, तर तोही खरा नाही. माझं मत कुठल्या वैद्याने बदललं नाही. सर्जनांच्याच संशोधनाने आणि माझ्या पोटापाण्याच्या कामाने ते बदललं.

मी मुंबईचा एमबीबीएस, पण स्टेथोस्कोप आता कपाटात असतो. दुबईत २०१३च्या कायद्याने आरोग्यविमा सक्तीचा झाला आणि माझ्यासारख्या कितीतरी डॉक्टरांना विम्याच्या अप्रूव्हल विभागात खुर्ची मिळाली. हॉस्पिटल ऑपरेशनची परवानगी मागतं, एमआरआयचा रिपोर्ट जोडतं. आम्ही कागद पाहून हो किंवा नाही म्हणतो. नाही म्हणायचं तर कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहायचं तर मूळ अभ्यास उघडावे लागतात. प्रॅक्टिस करत असतो तर उघडले असते का, शंकाच आहे.

झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून ‘साफसफाई’ करण्याची मागणी आमच्याकडे हमखास येते. तिच्यावर टिपण लिहिताना ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातला, २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचला. ब्रूस मोझली या सर्जनने १८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटाचा सांधा खरवडून साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला. तिसऱ्या गटाला गुंगीचं औषध दिलं, गुडघ्यावर छेद घेतले, सर्जनने नेहमीसारखी हत्यारं मागून घेतली, पाय वाकवला-फिरवला, सांधा धुतल्याचा आवाज यावा म्हणून पाणीही शिंपडलं. आत मात्र काहीच केलं नाही. आपण कोणत्या गटात, हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षं सगळ्यांची तपासणी होत राहिली. दुखणं घ्या, चालणं घ्या, जिने चढणं घ्या, खरी शस्त्रक्रिया खोटीपेक्षा कशातच सरस ठरली नाही. पुढे २०१३मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी झिजेमुळे फाटलेल्या गादीच्या १४६ रुग्णांवर असाच प्रयोग केला. वर्षाने निष्कर्ष तोच.

मोझलींच्या अभ्यासाच्या काळी एकट्या अमेरिकेत गुडघ्यावरची अशी ऑपरेशनं वर्षाला साडेसहा लाखांच्या वर होत होती. कुणी थापा मारत नव्हतं. रुग्ण खरंच सांगत होते की बरं वाटतंय, सर्जन खरंच समाधानी होते. पण ‘रुग्णाला बरं वाटतं’ एवढाच पुरावा एखाद्या वैद्याने पुढे केला असता, तर आम्ही त्याला हसून वाटेला लावलं असतं.

पाठीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. मणक्यातली गादी सरकून पायात कळा येणाऱ्या २८३ रुग्णांचा नेदरलँड्समधला अभ्यास २००७ सालचा आहे. काहींवर लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना गोळ्या-व्यायामावर थांबवलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांवर अखेर ऑपरेशनची वेळ आली, पण वर्षाने दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे होते. फरक एवढाच की लवकर ऑपरेशन झालेल्यांच्या कळा लवकर थांबल्या. हा अभ्यास दाखवून मी ‘अजून थांबा’ असा शेरा सहज मारायचो. आता हात अडखळतो. इथल्या कायद्याने आजारपणाची रजा वर्षाला ९० दिवस मिळते: पहिले १५ पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी, उरलेले ४५ बिनपगारी. गावाकडे दर महिन्याला पैसे पाठवणाऱ्या शटरिंगच्या कारागिराने थांबायचं म्हणजे कुणाच्या जिवावर थांबायचं? वर्षाअखेरचा आकडा सारखा असला, तरी मधले तीन महिने त्याच्यासाठी सारखे नसतात.

आता पोथीवाल्यांकडे येतो.

साताऱ्याकडचा एक ट्रेलर ड्रायव्हर ओळखीतून मला फोन करायचा. त्याला भगंदर होता. दिवसभर सीटवर बसून पू आणि रक्ताने हैराण. “डॉक्टरसाहेब, गावचे वैद्य म्हणतात दोऱ्याने जाईल. जाऊ का?” मी नेहमीच्या जोरात नको म्हणालो, आणि मग केवळ आपला नकार पक्का करायला क्षारसूत्रावरचं, म्हणजे त्या औषधी दोऱ्यावरचं, वाचायला बसलो.

हा दोरा सुश्रुताच्या काळापासूनचा, पण त्याला आजचं रूप दिलं ते बनारस हिंदू विद्यापीठातल्या प्रा. पी. जे. देशपांडे यांनी. २०० रुग्णांचा त्यांचा अहवाल १९७३ साली अमेरिकेच्या गुदरोगांवरच्या नियतकालिकात छापून आला. दोरा कसा बनतो हे वाचण्यासारखं आहे. लिननच्या जाड दोऱ्यावर एकवीस लेप द्यायचे. पहिले अकरा निवडुंगाच्या चिकाचे, पुढचे सात चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, शेवटचे तीन चीक आणि हळदीचे. प्रत्येक लेप वाळल्यावरच पुढचा. हा दोरा भगंदराच्या नळीतून ओवून बांधतात आणि आठवड्याला बदलतात. तो आतून नळी कापत जातो आणि मागची जखम भरत येते. भरती व्हावं लागत नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने याची शस्त्रक्रियेशी समोरासमोर तुलना केली, अनेक केंद्रांत, चिठ्ठ्या टाकून. १९९१ साली निकाल छापला: भगंदर पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के, क्षारसूत्रानंतर ४ टक्के. जखम भरायला मात्र शस्त्रक्रियेत चार आठवडे, क्षारसूत्रात आठ. म्हणजे पोथीतल्या उपचाराची परीक्षा आमच्याच नियमांनी झाली होती आणि तो पास झाला होता. संपाच्या दिवशी ग्रुपवर छाती काढून बोलणाऱ्या आमच्यापैकी एकानेही हे वाचलेलं नव्हतं.

ड्रायव्हरला मी फोन करून हे सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, माझी सुट्टी तीस दिवसांची.” आठ आठवडे सुट्टीत बसत नव्हते, चार बसत होते. त्याने ऑपरेशन निवडलं आणि ते शहाणपणाचं होतं. पुढे त्याची कंपनी बदलली, नंबर बंद झाला. भगंदर पुन्हा झाला की नाही, हे त्याच्या सर्जनलाही कळलं नसणार.

माझं मत खऱ्या अर्थाने बदललं ते इथे. त्या १९९१च्या अभ्यासात ५०२ रुग्ण घेतले होते आणि वर्षभर पाठपुरावा झाला २६५ जणांचाच. ४ आणि ११ हे आकडे परत आलेल्यांचे. निम्मे लोक कुठे गेले, त्यांचं काय झालं, हे त्यांत नाही. मी आयुष्यभर ‘कोणती पॅथी?’ विचारत आलो. खरा प्रश्न ‘वर्षाने किती जण परत तपासले?’ हा होता, आणि तो दोन्ही पॅथींना सारखाच अडचणीचा आहे.

अमिरातीत तो जास्तच अडचणीचा. इथे आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, चिनी वैद्यक, अगदी हिजामालाही (रक्त ओढून काढण्याच्या कपिंगला) सरकारी परवाना आहे, आणि चकचकीत ऑपरेशन थिएटरंही आहेत. पण व्हिसा संपला की रुग्ण जातो. निदान शारजाहत, ऑपरेशन मिरजेत, टाके पुन्हा इथे, अशी निम्मी माणसं. अबूधाबीचं ‘मलाफ्फी’ आणि दुबईचं ‘नाबिध’ या प्रणालींनी रुग्णाची फाइल हॉस्पिटलांमध्ये जोडली, ती अमिरातीच्या वेशीपर्यंत. मनावर घेतलं तर या देशाला जमतं, हेही आम्ही पाहिलंय: २०२०च्या जुलैमध्ये सुरू झालेल्या अबूधाबीच्या लस-चाचणीत सुमारे सहा आठवड्यांत १२०हून अधिक देशांचे ३१ हजार स्वयंसेवक उभे राहिले. भगंदरासाठी, गुडघ्यासाठी, पंचकर्मासाठी तेवढी जिद्द अजून कुणी दाखवलेली नाही.

वैद्यमित्रांनी एवढ्यात खूश होऊ नये. गुळवेलीचं बघा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शरदिनी डहाणूकर आणि रवी बापट यांच्या गटाने १९९३ साली अवरोधी काविळीच्या ३० रुग्णांचा अभ्यास छापला. ऑपरेशनआधी गुळवेल दिलेल्यांपैकी ९२.४ टक्के वाचले, न दिलेल्यांपैकी ४० टक्के. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण रुग्ण तीस. त्यानंतर मोठी चाचणी व्हायला हवी होती. कोविडमध्ये आम्ही काय केलं? तीच गुळवेल घरोघरी, मोजमापाशिवाय प्यायलो. २०२०च्या अखेरच्या चार महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला सूज आलेले दिसले. त्यांनी तसं छापलं, तर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती दुसरीच वनस्पती असेल. असेलही. मग बाटलीत कोणती आहे हे विकण्याआधी तपासायचं काम कुणाचं?

त्या ५८ शस्त्रक्रियांवर आजही माझा आक्षेप आहे. पण आता तो भूल, जंतुसंसर्ग आणि गुंतागुंत सांभाळण्याच्या प्रशिक्षणाबद्दल आहे, पोथीबद्दल नाही. आणि अपेंडिक्स फुटलं असेल तर पुढचं काही न वाचता हॉस्पिटल गाठा.

बाकीच्यांना एक विनंती. सुट्टीत गावी जाऊन ऑपरेशन करा, नाहीतर दोरा बांधून घ्या. इथे परत आल्यावर तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात त्या डॉक्टरला किंवा वैद्याला फोन करून कसं आहे ते सांगा. बरं असेल तरी सांगा, बिनसलं असेल तर नक्कीच सांगा. उपचार ठरवताना समोरच्याला विचारा, तुमच्या शेवटच्या शंभर रुग्णांपैकी किती जणांना तुम्ही वर्षाने पाहिलंत? या प्रश्नावर जो चिडेल, त्याच्याकडून ऑपरेशनही करून घेऊ नका आणि चूर्णही घेऊ नका.