झाडं संपतात तिथून : सेवर्ड द्वीपकल्पातली दैनंदिनी

मंगळवार, नोम

अँकरेजहून निघणारं विमान धुक्यामुळे साडेतीन तास उशिरा. प्रत्यक्ष उड्डाण दीड तासाचं. टॅक्सी १६ डॉलर. दोन वाट्या सूप आणि पाव ३८ डॉलर. मावशींची एक बॅग आलेली नाही, उद्याच्या विमानाने येईल म्हणतात. रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि खिडकीत लख्ख ऊन. पडदा खिडकीपेक्षा आखूड. दोघींना झोप नाही.

बुधवार, नोम

बॅग नाही. वारा थांबत नाही. मावशींनी भाचीचं जाकीट घातलं आणि दोघी किनाऱ्यावर गेल्या.

मावशींनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. सिअ‍ॅटलला नोकरी करणारी भाची सुट्टी काढून सोबत आली आहे. वर्गातल्या नकाशावर हे द्वीपकल्प अंगठ्याखाली झाकलं जायचं. इथे त्याची लांबी सुमारे ३२० किलोमीटर आणि रुंदी १४५ ते २२५. दक्षिणेला नॉर्टन साउंड, उत्तरेला चुकची समुद्र, पश्चिमेला बेरिंगची सामुद्रधुनी आणि पलीकडे रशिया. आर्क्टिक वृत्त उत्तर किनाऱ्याच्या अगदी लगतून जातं. रशियाकडून १८६७ साली अलास्का ७२ लाख डॉलरना विकत घेण्याचा करार ज्या परराष्ट्रमंत्र्याने केला, त्या विल्यम सेवर्डचं नाव या भूमीला आहे.

नोममध्ये साडेतीन-पावणेचार हजार माणसं राहतात. अलास्काच्या उरलेल्या रस्त्यांशी हे गाव जोडलेलं नाही. येणं विमानाने किंवा बोटीने. १८९८मध्ये जवळच्या अ‍ॅन्व्हिल क्रीकमध्ये सोनं सापडलं, पुढच्या वर्षी थेट समुद्राच्या वाळूत. १९००च्या उन्हाळ्यात वीसेक हजार लोक या किनाऱ्यावर तंबू ठोकून होते. सोनं वाळूत आलं कसं, हे मावशींनी तिथेच दगडावर बसून सांगितलं. डोंगर झिजले, नद्यांनी गाळ खाली आणला, लाटांनी हलकी वाळू वाहून नेली आणि जड कण मागे राहिले. किनाऱ्यापासून आत, जमिनीखाली पुरलेले जुने किनारेही सापडले आणि त्यांतही सोनं निघालं. समुद्र कधीकाळी कुठवर होता, ते खाणकामगारांच्या फावड्यांनी दाखवून दिलं.

आजही दोन माणसं वाळू धूत होती. एकाने बशीतला पिवळा कण दाखवला. मोहरीहूनही लहान.

गुरुवार, नोम

बॅग आली. भाड्याची गाडी दिवसाला २०० डॉलर. जादा टायर एकच मिळाला. पेट्रोल भरताना भाचीचा चेहरा उतरला. इंधन इथे समुद्र मोकळा असतानाच बार्जने येतं. २०११च्या शरदातली खेप चुकली, तेव्हा जानेवारी २०१२मध्ये ‘रेन्डा’ हे रशियन टँकर जहाज बर्फ फोडणाऱ्या ‘हीली’च्या मागून इथे आणावं लागलं. रांग पाऊण तास. मच्छरांचं औषध १४ डॉलर. वारा. ऊन. झोप नाही.

शुक्रवार, कौन्सिलचा रस्ता

नोमहून खडीचे तीन रस्ते निघतात आणि तिन्ही कुठे तरी संपतात. पूर्वेकडचा साधारण ११७ किलोमीटरचा. सुरुवातीला डाव्या हाताला सेफ्टी साउंडचं खारं सरोवर, उजवीकडे समुद्र. सरोवरात टुंड्रा हंस, वर आर्क्टिक सुरय. आणि जिथे मैलोन्‌मैल एक झाड नाही, त्या किनाऱ्यावर ओंडक्यांचे ढीग! युकॉन नदी आतल्या जंगलांतली झाडं समुद्रात ओतते आणि प्रवाह ती इथे आणून टाकतात. मासेमारीच्या झोपड्या, मासे वाळवायचे मांडव, शेकोट्या, सगळं याच लाकडावर.

पुढे दलदलीत गंजलेली आगगाडीची तीन इंजिनं. न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेवर धावलेली ही इंजिनं सोन्याच्या खाणींसाठी आणली. १९०३ला लोहमार्गाचं काम सुरू झालं, १९०७ला बंद पडलं. १९१३च्या वादळाने मार्ग धुऊन नेला. परत न्यायचा खर्च कोण करणार? राहिली इथेच.

खिंड ओलांडून रस्ता आत वळला आणि स्प्रूसचं पहिलं झाड दिसलं. मावशींनी गाडी थांबवायला लावली. समुद्राकाठी, जिथे बर्फ वसंत संपेपर्यंत तरंगतो, तिथे उन्हाळा थंडच राहतो. आत, समुद्रापासून दूर, तो तापतो. सर्वांत उबदार महिन्याचं सरासरी तापमान १० अंशांच्या आसपास पोचलं की झाड तग धरतं. पुस्तकात ही रेघ मावशींनी कित्येक मुलांकडून गिरवून घेतली होती. आज तिच्या अलीकडे आणि पलीकडे उभं राहता आलं. त्या दहा मिनिटं काही बोलल्या नाहीत.

शनिवार

पाऊस. खोलीत. कपडे धुतले, ९ डॉलर. पडद्याला चिकटपट्टीने काळी पिशवी लावली.

रविवार, टेलर

सकाळी सात वाजता निघाल्या. रस्ता ११६ किलोमीटर, एक टायर गेला, बदलायला तास.

टेलर म्हणजे वाळूच्या लांबट पट्टीवरचं, इन्युपिआत या मूळ रहिवाशांचं अडीचशे वस्तीचं गाव. उत्तर ध्रुव ओलांडून आलेलं ‘नॉर्गे’ हे वायुजहाज १४ मे १९२६ला इथेच उतरलं; त्यातून आलेल्या आमुंडसेन, नोबिले आणि एल्सवर्थ यांना जायचं होतं नोमला, हवेने जाऊ दिलं नाही. त्याआधी, १८९२मध्ये, इथल्याच पोर्ट क्लॅरेन्स खाडीच्या किनाऱ्यावर सायबेरियातून आणलेली १७१ रेनडिअर उतरवली होती. कळप वाढले. १९३७च्या कायद्याने मालकी इथल्या मूळ रहिवाशांच्या हाती दिली. मग १९९०च्या दशकात रानटी कॅरिबूंचा मोठा कळप इकडे सरकला आणि पाळलेली रेनडिअर त्यांच्यासोबत निघून गेली. अनेक घरांचा धंदा असा बसला.

किनाऱ्यावर एक आजी मांडवावर सीलच्या मांसाच्या पट्ट्या उलटत होत्या. वाळून काळ्या झालेल्या. मावशींचं माहेर हर्णैजवळचं. सुकणाऱ्या मासळीपाशी त्या थांबणारच. पट्ट्या एवढ्या पातळ कशा कापता, एवढंच त्यांनी विचारलं. आजींनी सुरी हातात दिली. अर्ध्या तासाने दोघी आजींच्या स्वयंपाकघरात होत्या.

जेवण : मागच्या साली वाळवलेला सामन, वाटीभर सीलचं तेल, ‘पायलट ब्रेड’ नावाची जाड कडक बिस्किटं आणि चहा. मासा तेलात बुडवून खायचा. भाचीने पहिला घास कसाबसा गिळला, दुसरा आवडीने खाल्ला. मावशींनी तिसऱ्यांदा मागून घेतलं. मग आजींनी खिडकीतून खाडीपलीकडे बोट दाखवलं. “ते ब्रेव्हिग मिशन. माझ्या आजीची माणसं तिथली.”

नोव्हेंबर १९१८. इन्फ्लुएन्झाची साथ त्या गावात शिरली आणि पाच दिवसांत ८० प्रौढांपैकी ७२ गेले. जमीन गोठलेली. नोमहून आलेल्या खाणकामगारांनी वाफेने माती वितळवून एकच मोठं थडगं खणलं. १९५१मध्ये योहान हल्टिन हा स्वीडिश विद्यार्थी गावकऱ्यांची परवानगी घेऊन आला, फुप्फुसांचे नमुने घेऊन गेला. प्रयोगशाळेत विषाणू काही जिवंत झाला नाही. १९९७ला वयाच्या ७२व्या वर्षी तो पुन्हा आला. एका स्थूल बाईच्या देहावरच्या चरबीने तिची फुप्फुसं राखली होती. त्या नमुन्याच्या मदतीने जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या चमूने विषाणूची जनुकीय मांडणी २००५पर्यंत पूर्ण केली. जग ती साथ ओळखतं ते या गोठलेल्या मातीमुळेही.

मावशी म्हणाल्या, “आमच्याकडे तिला मानमोडी म्हणत. माझ्या पणजीचं अर्धं घर तिने नेलं.” भारतात त्या साथीने एक कोटीहून जास्त माणसं मेली, हे भाचीने इंग्रजीत नीट समजावलं. आजींनी बराच वेळ मावशींचा हात धरून ठेवला. “तुमच्याकडे थडगी आहेत?” मावशींनी नकारार्थी मान हलवली. नद्यांचे घाट लाकडाला महाग झाले होते, असं पणजी सांगायची.

निघताना आजींनी वाळवलेल्या माशाची पुडी दिली. पैसे घेतले नाहीत.

सोमवार, नोम

टायर दुरुस्ती ४५ डॉलर. पेट्रोल. अंडी, ब्रेड, दोन सफरचंदं मिळून २६ डॉलर. मच्छर.

मंगळवार, कुगारोकचा रस्ता

उत्तरेकडचा हा रस्ता किग्लुएक डोंगरांच्या पूर्वेने जातो. सर्वांत उंच शिखर माउंट ऑस्बोर्न, १,४०० मीटरच्या वर. सामन सरोवरावर अजून बर्फाचे तुकडे. पुढे कस्तुरी बैलांचा कळप, माद्यांच्या पायांत वासरं. अलास्कातून हा प्राणी एकोणिसाव्या शतकात नाहीसा झाला होता. ग्रीनलँडहून पकडून आणलेल्या जनावरांपासून नुनिव्हाक बेटावर कळप वाढवला आणि १९७०मध्ये त्यातले ३६ प्राणी या द्वीपकल्पावर सोडले. आज ते रस्ता अडवून उभे राहतात. भाचीने इंजिन बंद केलं.

फाट्यावरून पिलग्रिमच्या गरम झऱ्यांकडे. उघड्या टुंड्रात अचानक उंच कॉटनवुडची राई! खालच्या उष्णतेने इथली माती वितळलेली असते, मुळं खोल जातात. १९१८च्या साथीत आईबाप गेलेल्या मुलांसाठी कॅथलिक मिशनने इथेच अनाथाश्रम चालवला, १९४१पर्यंत. जुनं चर्च अजून उभं आहे. परवा टेलरला ऐकलेली गोष्ट इथे पुढे सुरू होते, हे दोघींना इथला फलक वाचून कळलं. मावशींना तिथून निघवेना.

संध्याकाळी कॉफी डोम या डोंगराच्या उतारावर चालल्या. कापूसगवताचे गुडघाभर उंच गड्डे. वर पाय दिला तर कलतात, मध्ये दिला तर पाणी. चालण्याचा वेग तासाला किलोमीटरभर. पाऊस इथे फार पडत नाही, तरी सगळीकडे ओल, कारण खालची माती वर्षानुवर्षं गोठलेली आहे आणि पाणी मुरायला जागा नाही. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा सुटतो. त्यावरचं शेवाळ गोधडीसारखं खालच्या बर्फाला जपतं. कोणी यंत्राने ते खरवडलं की बर्फ वितळतो, जमीन खचते, तळं होतं. नोमची घरं खांबांवर का आणि ती दर काही वर्षांनी समतल का करावी लागतात, ते आज पायांना कळलं.

रात्री दहा वाजता ब्रिसल-थाइड कर्ल्यूची शीळ ऐकू आली. हा पक्षी जगात फक्त पश्चिम अलास्कात वीण करतो, त्याचं घरटं पहिल्यांदा १९४८ला सापडलं. हिवाळा तो पॅसिफिकमधल्या बेटांवर घालवतो आणि तिथे पिसं गाळताना त्याला उडताही येत नाही. तिथून हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून तो या डोंगरावर येतो. “मावशी, बस आता, पाय भिजलेत तुझे,” भाची म्हणाली. मावशी ऐकत नव्हत्या.

बुधवार

शिशमारेफ या बेटावरच्या गावाला जाणारं विमान रद्द. धुकं.

गुरुवार

सकाळचं विमान रद्द. दुपारचं पुढे ढकललं, मग रद्द.

वेळ बेरिंग लँड ब्रिज राष्ट्रीय राखीव क्षेत्राच्या केंद्रात घालवला. हिमयुगाच्या भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. सामुद्रधुनी जेमतेम ५० मीटर खोल. म्हणजे सायबेरियापासून इथवर कोरडी जमीन, दक्षिणोत्तर हजार किलोमीटरहून रुंद. मॅमथ, रानबैल आणि माणसं या प्रदेशातून गेली. डेव्हिड हॉपकिन्स या भूशास्त्रज्ञाने या द्वीपकल्पाच्या अभ्यासात आयुष्य घातलं. उत्तरेला डेव्हिल माउंटनची सरोवरं आहेत, ज्वालामुखीच्या स्फोटाने झालेली, आपल्या जातीतली जगातली सर्वांत मोठी. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्फोटाच्या राखेखाली त्या काळचं गवत मुळांसकट, पानांसकट गोठून राहिलं. हिमयुगातली एक अख्खी कुरणाची जमीन संशोधकांना जशीच्या तशी मिळाली. पूर्वी मावशी वर्गात हे सगळं दोन ओळींत संपवायच्या. पाठ्यपुस्तकाने एवढीच जागा दिली होती, याचा राग त्यांनी आज पहिल्यांदा बोलून दाखवला.

शुक्रवार, शिशमारेफ

विमान उडालं. सामानासोबत माणसांचंही वजन केलं.

चुकची समुद्रातलं सारिचेफ बेट, वाळूचं, अरुंद. त्यावर सहाशेच्या आत-बाहेर माणसं. पूर्वी शरदातच किनाऱ्याला बर्फ धरायचा आणि वादळी लाटा त्यावर फुटायच्या. आता बर्फ उशिरा धरतो, वादळं मोकळ्या पाण्यावरून येतात, वाळूखालची गोठलेली माती सुटते आणि काठ कोसळतो. घरं आत सरकवली, दगडी बांध घातले. वाळवणाचे मांडव मात्र काठावरच, कारण शिकार समुद्रातून येते. एका कारागिराने वॉलरसच्या दातातला कोरलेला पक्षी दाखवला. परवान्याशिवाय तो देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून मावशींनी फक्त हातात घेऊन पाहिला.

ऑगस्ट २०१६मध्ये गावाने मतदान केलं : ८९ मतं हलण्याच्या बाजूने, ७८ विरोधात. हलायचं तर सगळ्यांनी एकत्र, शिकारीच्या पाण्याजवळ; नोम, कोट्झेब्यू, अँकरेजला पांगून नव्हे, असं चहा पाजणारे गृहस्थ पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यासाठी रस्ता, विमानतळ, शाळा, दवाखाना, सगळं नव्याने बांधावं लागेल. पैसा उभा राहिलेला नाही. हवामान तापवणारा धूर ज्यांच्या घरातून सर्वांत कमी निघाला, त्या सहाशे माणसांवर हा खर्च टाकणं अन्यायाचं आहे; तो देशाने उचलायला हवा. गाव अजून त्याच बेटावर आहे.