टायटलवरचा शिक्का

कोलंबस, रविवार

चि. ऋता,

तुझा मेसेज, गाडीचे फोटो आणि तिच्या इतिहासाचा रिपोर्ट मिळाला. फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू नुसतं ‘हो मावशी, हो मावशी’ करतेस आणि ठेवल्यावर मला कळत नाही की त्यातलं किती पोचलं. म्हणून लिहून पाठवते. गाडी विकणाऱ्या त्या माणसाशी बोलताना समोर ठेव.

२०१७ची होंडा सिव्हिक, रीबिल्ट टायटल, सांगतोय नऊ हजार डॉलर. तशीच क्लीन टायटलची गाडी साडेतेराच्या खाली मिळत नाही, हे तुझं म्हणणं बरोबर आहे, मीही बघितलं. जूनपासून इंटर्नशिपसाठी मेसनला जायचं तर गाडी लागणारच, त्यावर वाद नाही. एकीकडे तुझ्या आईच्या कानावर ‘अपघातातली गाडी’ एवढंच पडलंय आणि तिने मला दोनदा फोन करून बजावलंय की पोरीला असलं काही घेऊ देऊ नकोस. दुसरीकडे तुझी रूममेट म्हणते, सगळे देसी विद्यार्थी रीबिल्टच घेतात, काही होत नाही. मला दोघींचंही पटत नाही. माझी बरीच वर्षं गाड्यांच्या क्लेममध्ये गेली, त्यामुळे टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, तो शिक्का कसा बसतो ते मी आतून बघितलंय.

गाडी ‘टोटल’ होते म्हणजे तिचा चेंदामेंदा होतो असं नाही. तो हिशेब असतो. समज, अपघाताच्या आदल्या दिवशी गाडीची बाजारातली किंमत बारा हजार होती. दुरुस्तीचा अंदाज आठ हजारांचा आला, आणि आहे त्या अवस्थेत लिलावात तिचे साडेचार हजार येतील. आठ आणि साडेचार, साडेबारा. मग कंपनी म्हणते, दुरुस्त कशाला करायची? मालकाला बारा देऊन टाका आणि गाडी आपण घ्या. झालं, टायटलवर ‘सॅल्व्हेज’. काही राज्यांत त्यासाठी ठरावीक टक्का असतो. ओक्लाहोमात दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ६० टक्क्यांवर गेला की गाडी सॅल्व्हेज, टेक्ससमध्ये तो १०० टक्क्यांवर जावा लागतो. म्हणजे तोच पोचा, तीच गाडी. मधल्या रेड नदीच्या एका काठावर ती सॅल्व्हेज आणि दुसऱ्या काठावर क्लीन. त्यामुळे नुसत्या शिक्क्याला घाबरण्यात अर्थ नाही, आणि नुसत्या क्लीन टायटलवर भुलण्यातही नाही. एखाद्याने फक्त लायबिलिटीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, विमा घेतला असेल आणि त्याची गाडी पाण्यात बुडाली, तर क्लेमच होत नाही, कंपनीच्या कागदावर काही येत नाही, आणि ती गाडी मिरवत क्लीन टायटलवर विकली जाते.

सॅल्व्हेज झालेल्या गाड्या पुढे कोपार्ट किंवा आयएए यांच्या लिलावात जातात. लिलाव ऑनलाइन, बोली कुठूनही लावता येते. कोणीतरी गॅरेजवाला ती उचलतो, दुरुस्त करतो आणि मग राज्याकडून तपासून घेतो, की टायटल ‘रीबिल्ट’. आपल्या ओहायोत ही तपासणी स्टेट हायवे पेट्रोल करते. लोकांना वाटतं, पोलिसांनी बघितली म्हणजे गाडी चालवायला सुरक्षित. तसं मुळीच नाही. ते बघतात गाडीचा ओळख क्रमांक, म्हणजे व्हीआयएन, आणि सुट्या भागांच्या पावत्या. बसवलेले भाग चोरीच्या गाडीतले नाहीत ना, एवढाच त्यांचा प्रश्न. ब्रेक कसे लागतात, चॅसी सरळ आहे का, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आणि ओहायोत गाड्यांची दरवर्षीची सुरक्षा तपासणीही नाही, म्हणजे नंतरही कोणी बघणार नाही.

आता तुझ्या गाडीकडे येते. तू पाठवलेल्या रिपोर्टमध्ये एक ओळ आहे: सॅल्व्हेज, फ्लोरिडा, डिसेंबर २०२२. आणि विकणारा म्हणतोय, पुढचा बंपर जरासा लागला होता.

ऋता, २०२२ साल आठव. चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्या मिळत नव्हत्या आणि जुन्यांचे भाव अस्मानाला भिडले होते. पाच वर्षांची सिव्हिक तेव्हा सतरा-अठरा हजारांना सहज जात होती. एवढ्या किमतीची गाडी बंपरवर टोटल होत नाही. बंपर, एक हेडलाइट, एक फेंडर, रंगकाम, सगळं धरलं तरी कंपनी निमूट चेक फाडून दुरुस्त करून देते. ती टोटल व्हायची तर एक म्हणजे पुढून जबर धडक बसून एअरबॅग उघडल्या असाव्यात. दुसरं म्हणजे पाणी. हरिकेन इयन फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागलं २८ सप्टेंबर २०२२ला. फोर्ट मायर्सच्या बाजूला समुद्र गावात शिरला. त्या गाड्यांचे क्लेम मिटून टायटल बदलायला दोन-अडीच महिने लागणं अगदी नेहमीचं. डिसेंबर जुळतो.

अर्थात, जुळतो म्हणजे सिद्ध झालं असं नाही. फ्लोरिडात पुराच्या गाडीवर वेगळा शिक्का असतो, आणि तुझ्या रिपोर्टमध्ये तो दिसत नाही. पण गाडी एका राज्यातून दुसऱ्यात गेली की शिक्के गळतात, कारण प्रत्येक राज्याची शब्दावली निराळी. काही लोकांचा तर धंदाच तो. १९९२च्या कायद्याने यासाठी देशभराची एक नोंदवही काढली, एनएमव्हीटीआयएस नावाची, विमा कंपन्यांनी आणि भंगारवाल्यांनी तिच्यात कळवायचं बंधन आहे. थोडक्या डॉलरांत तिचा रिपोर्ट मिळतो, तोही काढ. पण त्याआधी फुकटचं काम कर: तो सतरा अक्षरांचा व्हीआयएन गूगलमध्ये टाक. लिलावातले जुने फोटो बऱ्याचदा कुठल्यातरी साइटवर पडलेले असतात, आणि त्याखाली लिलाववाल्याने नुकसान कसलं ते लिहिलेलं असतं. ‘फ्रंट एंड’ की ‘वॉटर’, हे एका मिनिटात कळेल.

पाणी निघालं, तर पुढचं वाचूही नकोस, गाडी सोड. इंजिन धुऊन चालू करता येतं, सीट बदलता येतात, पण खारं पाणी वायरिंगच्या सांध्यांत राहतं आणि ते हळूहळू खात जातं. आज सगळं चालतं, पुढच्या हिवाळ्यात एबीएसचा दिवा लागतो, मग खिडकी अडते, मग एक दिवस आय-७१ महामार्गावर गाडी बंद. तुझ्या बाबांना विचार. २६ जुलै २००५च्या मुंबईच्या पुरानंतर कलिना-कुर्ल्याकडच्या बुडालेल्या गाड्या पुण्या-नाशिकपर्यंत स्वस्तात आल्या होत्या. आरसी बुकात त्याची नोंद कुठली असणार, मेकॅनिक सांगेल ते खरं. इथे निदान कागद तरी बोलतो.

फोटो मिळालेच नाहीत, तर गाडीलाच विचारायचं. सीटबेल्ट हळूहळू पार शेवटपर्यंत ओढून काढ, अगदी थांबेपर्यंत. गाडी धुणारा माणूस पट्ट्याचा रोज दिसणारा भाग धुतो. आत गुंडाळलेला शेवटचा हातभर कोणी बघत नाही. मी एका गाडीत बघितलंय, वरून पट्टा काळा कुळकुळीत आणि तळाशी आडवी मातकट रेघ, पाणी जिथपर्यंत आलं होतं तिथे. नखाने खरवडली तर बारीक गाळ निघाला. आतून मात्र लिंबाचा वास येईल असा फ्रेशनर टांगलेला! मग टॉर्च घेऊन सीटखाली वाक आणि सीटचे बोल्ट बघ. गाडीच्या आत असलेल्या बोल्टला गंज चढायचं काही कारण नाही. डिकीतलं स्पेअर चाक उचलून खालची खोबण बघ.

पाणी नसेल आणि धडक असेल, तर प्रश्न एअरबॅगचा. त्याच्यात मी तडजोड करणार नाही, तूही करू नकोस. एअरबॅग एकदा उघडली की नवीन बसवावी लागते, आणि खरी कंपनीची बसवायची तर खर्च मोठा. स्वस्तात गाडी उभी करणारा इथेच हात आखडतो. कोणी रिकाम्या जागेवर नुसतं झाकण लावतो, कोणी कुठूनतरी आलेली नकली बसवतो. जुलै २०२४मध्ये इथल्या महामार्ग सुरक्षा खात्याने, एनएचटीएसएने, याबद्दल इशारा काढला होता. आधीच्या नऊ महिन्यांत असल्या नकली इन्फ्लेटरमुळे तिघं गेले आणि दोघांना जन्माच्या जखमा झाल्या. गाड्या जुन्या, आधी ठोकलेल्या, एअरबॅग बदललेल्या. ज्या धडकेत माणूस सहज वाचला असता, तिथे एअरबॅगमधूनच धातूचे तुकडे उडाले.

किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड, हे सगळ्यांना माहीत असतं. पण लागलाच नाही तर जास्त वाईट. बहुधा कोणीतरी तो मुद्दाम मारलाय. आणि विझला म्हणजे आत एअरबॅग आहेच असंही नाही, कारण रेझिस्टर जोडून गाडीच्या कॉम्प्युटरला फसवता येतं. म्हणून मला दिव्यापेक्षा पावत्यांवर भरवसा जास्त. हायवे पेट्रोलला दाखवायला त्या माणसाला, किंवा ज्याने गाडी उभी केली त्याला, भागांच्या पावत्या जमवाव्याच लागल्या असणार. त्या माग. लिलावाच्या फोटोत स्टिअरिंगमधून पांढरी पिशवी लोंबतेय आणि पावत्यांत एअरबॅग नाही, तर विचार, मग आत्ता बसलेली आली कुठून?

हे वाचून तुला वाटेल, मावशी रीबिल्टच्या विरुद्ध आहे. अगं, तुझे काका गेली कित्येक वर्षं रीबिल्टच चालवतायत! त्यांची ती कॅमरी गारपिटीत टोटल झालेली. बॉनेटवर आणि टपावर देवी येऊन गेल्यासारखे व्रण आहेत, ते आम्ही तसेच ठेवले. खालची गाडी ठणठणीत. मला अशा गाड्या आवडतात, कारण काय झालंय ते डोळ्यांना दिसतं. चोरीला जाऊन काही महिन्यांनी सापडलेली गाडीही कधी चांगली निघते: तोवर कंपनीने पैसे दिलेले असतात, म्हणून नुसता कागद बिघडलेला. तुझ्या सिव्हिकची मला शंका येते ती गाडी इतकी चकाचक आहे म्हणून. नऊ हजारांत विकायच्या गाडीवर इतकं रंगकाम कोण करतं?

पैशाचंही सांगते. साडेचार हजार वाचले असं तू लिहिलंयस. ते वाचलेले नाहीत. तू विकायला जाशील तेव्हा पुढचा माणूसही तेवढेच कापणार. कमी पैसे अडकले, हे खरं, आणि विद्यार्थिदशेत त्यालाही किंमत आहे. पण रीबिल्टला गिऱ्हाईक कमी, विकायला वेळ लागतो, आणि तुझ्यासारख्या एफ-१ व्हिसावाल्या विद्यार्थ्यांकडे वेळच नसतो. ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची मुदत, संपून काही जुळलं नाही तर हातात ६० दिवस. त्यात सामान, घर, तिकीट आणि गाडी. तेव्हा शिक्क्याची गाडी येईल त्या भावाला जाते. विम्याचंही आधी विचार, व्हीआयएन देऊन, लेखी. लायबिलिटी बहुतेक सगळे देतात, ओहायोत ती सक्तीचीच आहे. पण कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, बऱ्याच कंपन्या रीबिल्टला देत नाहीत. दिलं तरी नुकसानीच्या वेळी किंमत धरताना शिक्का मोजतातच. दुसऱ्याने तुला ठोकलं, चूक पूर्ण त्याची, तरी त्याची कंपनी तुला क्लीन गाडीचे पैसे देणार नाही. आमच्या टेबलापलीकडे बसलेल्या लोकांना हे पहिल्यांदा तिथेच कळायचं.

माझं मत हवं असेल तर: नऊ हजार नाहीच. टोटल होण्याचं कारण स्वच्छ निघालं, फोटो आणि पावत्या मिळाल्या, लिफ्टवर चढवून मेकॅनिकने बरी म्हटली, तर साडेसात-पावणेआठपर्यंत जा. मेकॅनिक त्याने सुचवलेला नको, आपण शोधायचा. दीड-दोनशे डॉलर जातील, ते मी देते. आणि यातलं काही मिळालं नाही तर त्याच नऊ हजारांत एखादी म्हातारी, जास्त मैल पळालेली पण क्लीन कोरोला घे. दिसायला कंटाळवाणी असेल, इंटर्नशिपला कोण बघतंय!

आज त्याला एवढंच लिही: दुरुस्तीच्या आधीचे फोटो आणि भागांच्या पावत्या पाठव. ‘हरवल्या’ म्हणाला तर आभार मानून विषय संपव, घासाघीस करत बसू नकोस. पाठवल्या तर शनिवारी मी आणि काका येतो. गाडी दिवसा बघायची, पाऊस पडत असताना नाही, ओल्या पत्र्यावर रंगातला फरक दिसत नाही. आणि त्याला सांग, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नकोस, आम्हाला थंड बघायचंय.

टायटलवर त्याचं स्वतःचं नाव आहे ना, लायसन्सशी ताडून बघ. ‘मित्राची आहे, मी विकून देतोय’ असलं काही निघालं तर तिथूनच परत. ओहायोत विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते, तेव्हा सही आधीच करून आणलेला कागद घेऊ नकोस. ‘बुकिंग’ म्हणून फोनवरून, झेलने, दोनशे डॉलरसुद्धा पाठवू नकोस. आईशी मी बोलते.

तुझी,
सुधामावशी