भाता नसलेली पेटी

संगीतरचनेचे सॉफ्टवेअर एकदा संगणकात बसले की कीबोर्ड वर्कस्टेशन नावाची वस्तू तर्काने निरुपयोगी ठरते. वर्कस्टेशन म्हणजे तरी काय? स्वरांचा साठा, रचना नोंदवून ठेवणारा सीक्वेन्सर आणि घुमारा वगैरे देणारे इफेक्ट, या तिन्ही गोष्टी एकाच खोक्यात आणि वर पट्ट्या. १९८८ साली आलेल्या कॉर्गच्या एम-वनने या वस्तूला जे रूप दिले, ते मूलतः आजही टिकून आहे. ६१ पट्ट्या, एका वेळी जास्तीत जास्त १६ स्वर, ८ ट्रॅकांचा सीक्वेन्सर आणि सगळ्या वाद्यांचे नमुने मिळून अवघी ४ मेगाबाइट जागा. ज्याच्या घरी संगणक नव्हता त्याच्यासाठी तो एक संपूर्ण स्टुडिओ होता. आज कुठल्याही साध्या लॅपटॉपवर याच्या हजारपट मोठा साठा सहज मावतो. मग मराठीचे दोन प्राध्यापक गेले आठ महिने वर्कस्टेशनांची तपशीलपत्रके, एखाद्या गाथेचे पाठभेद तपासावेत तशी, का चाळीत बसले आहेत?

आमचे काम लहान आहे. कवितांना चाली लावायच्या, त्या ध्वनिमुद्रित करायच्या आणि वर्गात किंवा स्नेहसंमेलनात ऐकवायच्या. सॉफ्टवेअर रीपर, खोली घरचीच आणि दोघांचेही हात पेटीवर वाढलेले. या शेवटच्या गोष्टीला किती महत्त्व आहे, हे तपशीलपत्रके वाचू लागल्यावरच ध्यानात आले. कारण तीत आम्हाला हवे असलेले फारसे काही सापडत नव्हते.

पत्रकांचा भर आकड्यांवर असतो. इतके हजार ध्वनी, इतक्या गिगाबाइटचा पियानो, इतके ध्वनिइंजिन. पण हा सारा ऐवज आता खोक्यापासून वेगळा होऊ लागला आहे आणि तो वेगळा करणारे खुद्द निर्मातेच आहेत. रोलँडच्या २०१९ च्या फँटममधील ध्वनींचा मोठा भाग झेनॉलॉजी या प्लगइनच्या रूपाने संगणकातही वाजतो. यामाहाने २०२३ साली माँटाज एम आणला आणि त्यापाठोपाठ त्याच वाद्याची सॉफ्टवेअर-आवृत्ती त्याच्या मालकांना देऊ केली. कॉर्गचा २०११ चा क्रोनॉस तर उघडून पाहिला तर आत इंटेलचा प्रोसेसर आणि लिनक्स. म्हणजे पट्ट्या लावलेला संगणकच. तेव्हा संगणक आधीच घरात असलेल्या माणसाने दुसऱ्या संगणकाला लाखभर रुपये का मोजावेत, हा प्रश्न रास्त आहे. खोक्यातून ध्वनी, सीक्वेन्सर आणि इफेक्ट वजा केले की उरतात पट्ट्या, चाके, दांडे आणि मागच्या बाजूला पेडल जोडायची भोके. आमच्या मते खरी निवड या उरलेल्या भागाचीच करायची असते, आणि पत्रकात तिला शेवटच्या दोन ओळी मिळतात.

पेटीवाल्याच्या दृष्टीने या उरलेल्या भागात एक मोठी उणीव आहे. इथे भाता नाही.

पेटीवर आपल्याकडे पुष्कळ टीका झाली. १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बंदी केली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. तिच्यात मींड नाही, तिचे स्वर समान अंतरावर कापलेले आहेत, हे आक्षेप खोटे नव्हते. तरी गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिच्यातून गाणे काढले, ते कशाच्या बळावर? पुष्कळसे भात्याच्या, असे आम्हाला वाटते. पेटीचा स्वर पट्टी दाबल्यावर ठरून जात नाही. डावा हात हवा देत असतो तोवर तो वाढवता येतो, खाली आणता येतो, विझवता येतो. कीबोर्डवर पट्टी किती वेगाने खाली गेली याची १ ते १२७ यांमधील एका आकड्यात नोंद होते आणि स्वराचे बरेचसे भवितव्य तिथेच ठरते. पियानोचेही तसेच आहे. पण पियानोचा स्वर आपोआप मावळतो. कीबोर्डावरचा व्हायोलिनचा किंवा बासरीचा स्वर मात्र बोट उचलेपर्यंत एकाच उंचीवर ताठ उभा राहतो.

हे कवितेला फार जाचते. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारच अक्षरांचा. त्या चौथ्या चरणाशी श्वास उतरतो. अर्थाचे ओझे तिथे खाली ठेवले जाते. पेटीची साथ असली की भात्यावरचा हात नकळत सैल होतो आणि स्वर शब्दाबरोबर खाली बसतो. संगणकात रचलेल्या साथीत गायकाचा शब्द बसतो आणि मागची तंतुवाद्ये उभीच राहतात. माउसने आवाजाची रेघ खाली ओढून हे दुरुस्त करता येते. आम्ही ते करतोही. पण रेघ ओढणारा हात वाजवणाऱ्या हातानंतर येतो. त्याला शब्द आधीच ठाऊक असतो, म्हणून तो फार शहाणपणाने वागतो.

भात्याची जागा घेऊ शकणाऱ्या दोन गोष्टी आम्हाला सापडल्या. एक आफ्टरटच, म्हणजे दाबलेली पट्टी आणखी दाबली तर स्वराने त्याला प्रतिसाद देणे. स्वस्त यंत्रांतून सर्वांत आधी हाच गळतो: यामाहाच्या मोडेक्समध्ये तो नाही, रोलँडच्या फँटम-झीरोमध्येही नाही; त्यांच्या थोरल्या भावंडांत आहे. प्रत्येक पट्टीचा दाब वेगळा ओळखणारा आफ्टरटच माँटाज एमच्या केवळ ८८ पट्ट्यांच्या आवृत्तीत दिला आहे, आणि त्या पट्ट्या पियानोच्या, जड. पेटीच्या हलक्या पट्ट्यांवर वाढलेली बोटे त्यांवर अर्ध्या तासात थकतात. शिवाय जुन्या माँटाजचेही ८८ पट्ट्यांचे रूप २९ किलोंचे होते. ते दुसऱ्या मजल्यावर नेण्यासाठी विद्यार्थ्यांना वेठीस धरणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही.

दुसरी गोष्ट एक्सप्रेशन पेडल, आणि इथे मात्र आम्हाला ओळखीचे माणूस भेटल्याचा आनंद झाला. संगीत नाटकाच्या रंगभूमीवर ऑर्गन होता. त्याची हवा पायांनी भरली जाई आणि दोन्ही हात पट्ट्यांसाठी मोकळे राहत. म्हणजे श्वास पायाकडे सोपवण्याची युक्ती मराठी नाट्यसंगीताला जुनीच आहे. पेडल हलवले की एक आकडा सॉफ्टवेअरमधल्या व्हायोलिनपर्यंत जातो आणि तिथे आवाज चढतो किंवा उतरतो. पेडल हवा भरत नाही, पायाला दमवत नाही, हे त्याचे उणेपण. पण चौथ्या चरणाशी टाच खाली जाते आणि स्वर त्याच वेळी बसतो, हे आम्ही दुकानात उसन्या पेडलवर करून पाहिले आहे.

पाय कामाला लागला की डावा हात मोकळा होतो, आणि पेटीने जन्मभर नाकारलेली मींड त्याच्या वाट्याला येते. इथे प्रत्येक घराण्याची रीत निराळी. यामाहाकडे दोन स्वतंत्र चाके, रोलँडकडे आडवा सरकणारा आणि पुढे ढकलला की कंप देणारा दांडा, कॉर्गकडे जॉयस्टिक. दांडा आणि जॉयस्टिक चपळ आहेत. पण मींड घेताना हात जरा पुढे गेला तर न मागितलेला कंप सुरू होतो. चाक एकच काम करते. संथ मींडेसाठी आम्हाला चाक बरे वाटले.

श्रुतींचा प्रश्न यातून सुटत नाही. समान विभागणीतला शुद्ध गंधार ४०० सेंटवर असतो, तंबोऱ्यातून ऐकू येणारा साधारण ३८६ वर. हे १४ सेंट कानाला कळतात. यामाहाच्या मोटिफ मालिकेत ‘इंडियन’ नावाचे एक तयार कोष्टक होते, फक्त पांढऱ्या पट्ट्यांपुरते. कोमल स्वरांना ज्यात जागाच नाही, त्याला हे नाव कोणत्या धैर्याने दिले असेल, याचे कुतूहल आम्हाला आजही आहे.

संगणकाशी जोडणीची बाजू सरळ आहे. एका यूएसबी तारेतून पट्ट्यांचे संदेश आणि प्रत्यक्ष ध्वनी दोन्ही जातात. सॉफ्टवेअरमार्गे वाजवायचे तर वाद्याचे ‘लोकल कंट्रोल’ बंद करावे, नाहीतर प्रत्येक स्वर दोनदा वाजतो. संगणकातला स्वर बोटानंतर किंचित उशिरा येतो. २५६ सँपलचा बफर ४४,१०० च्या गतीला सुमारे ५.८ मिलिसेकंद घेतो आणि इतर विलंब त्यात भर घालतात. वर्कस्टेशनचा स्वतःचा स्वर हा वळसा घेत नाही. सीक्वेन्सरबद्दल आमच्यात एकमत नाही. एकाच्या मते तो अडगळ आहे. दुसऱ्याच्या मते सकाळच्या तासिकेआधी सुचलेली ओळ संगणक उघडेपर्यंत जिवंत राहत नाही.

आमच्यातील एकजण अजून तासिका तत्त्वावर शिकवतो, त्यामुळे खरेदी एकदाच होणार आहे. नवे थोरले यंत्र झेपणारे नाही. नवे धाकटे यंत्र आफ्टरटचविना येते. म्हणून वापरलेले, ६१ पट्ट्यांचे, पहिल्या पिढीचे माँटाज घ्यायचे ठरले आहे. २०१६ चे हे वाद्य. त्यात आफ्टरटच आहे, दोन चाके आहेत, दोन पेडल जोडायची सोय आहे. ध्वनी काहीसे जुने झाले असतील. ते संगणक पाहून घेईल.

आता अडचण बैठकीची आहे. पेटी मांडी घालून वाजवायची, आणि मांडी घातलेल्या माणसाला पेडल दाबता येत नाही. जमिनीवरची सतरंजी गुंडाळून खुर्ची आणावी लागेल. गाणारा खाली आणि साथ करणारा वर अशी बैठक आमच्या डोळ्यांना पटेना, तेव्हा गाणाऱ्यासाठीही एक खुर्ची सांगितली आहे.